जागरणाचे व्यसन

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्यसनी माणसाचे एक चित्र महाराष्ट्रातील चळवळीच्या मनात पक्के ठसलेले आहे. ते १९८० नंतरच्या दशकातले आहे. मुंबईत त्या सुमारास गर्द आले. १९८२ च्या संपानंतर गिरणगावातील घराघरांत पगार बंद झाला होता, आणि त्याच काळात रेल्वेच्या पुलांखाली मान टाकून बसलेली पोरे दिसू लागली. 'गर्दुल्ला' हा शब्द तेव्हा मराठीत रुळला. अनिल अवचटांनी त्या पोरांविषयी लिहिले, १९८६ साली पुण्यात मुक्तांगण उभे राहिले, आणि अनेक कार्यकर्त्यांची या प्रश्नाशी पहिली ओळख त्या निमित्ताने झाली. पेंगणारा, डोळ्यांतील बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेला, कामाधंद्याला निरुपयोगी ठरलेला तरुण म्हणजे व्यसनी, असे समीकरण त्यातून तयार झाले. गर्दपुरते ते खरे होते व आजही आहे. मात्र येथे ज्या विषाविषयी बोलायचे आहे त्याच्या खुणा जवळजवळ याच्या उलट आहेत. जुने चित्र मनात धरून बसलेल्या कार्यकर्त्याला त्या दिसत नाहीत. आईबापांना तर त्याहूनही दिसत नाहीत.

हे विष म्हणजे मेथॅम्फेटामिन. स्फटिकरूपात ते 'आईस' किंवा 'क्रिस्टल' या नावाने विकले जाते. म्यानमारच्या सीमेवरून मिझोराम-मणिपुरात ते कॅफिन मिसळलेल्या लहानशा रंगीत गोळ्यांच्या रूपाने येते. त्या गोळ्यांचे नाव 'याबा'. महाराष्ट्रात त्याचे चुलत भावंड अधिक पसरले आहे. ते म्हणजे मेफेड्रोन, बोलीभाषेत 'एम. डी.' किंवा 'म्याव म्याव'. फेब्रुवारी २०१५ पर्यंत १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या सूचीत मेफेड्रोनचे नावही नव्हते; तोवर ते बाळगणाऱ्याला पकडून पोलिसांना फारसे काही करता येत नसे. या दोन पदार्थांची रासायनिक घडण सारखी नाही. आईसचा अंमल आठ-दहा तास किंवा त्याहूनही अधिक राहतो, एम. डी. चा दोन-तीन तासांत ओसरतो आणि म्हणून ते एका रात्रीत पुन:पुन्हा घेतले जाते. पण दोघांची जात एक. ती गुंगी आणणारी नव्हे, चेतवणारी आहे.

एक घर डोळ्यांपुढे आणावे. दोन खोल्या, बाप रिक्षा चालवतो, आई सकाळी चार घरची धुणीभांडी करते, मुलगा अकरावीत आहे. दोन महिन्यांत मुलगा बदलला आहे. पहाटेपर्यंत दिवा लावून बसतो. मध्येच उठून फळीवरची भांडी उतरवून पुन्हा लावतो. बंद पडलेला पंखा उघडून त्याचे सगळे भाग जमिनीवर मांडतो. पूर्वी एका शब्दात उत्तर देणारा पोरगा आता भरभर, अखंड बोलतो. जेवण निम्म्यावर आले आहे. शेजारीण विचारते तेव्हा आई म्हणते, "परीक्षा जवळ आलीय ना, रात्र-रात्र जागतोय माझा पोरगा." तिच्या स्वरात अभिमान असतो. आणि ती खोटे बोलत नसते. पोरगा खरोखरच जागत असतो.

या आईला दोष देण्यापूर्वी या पदार्थाचा इतिहास पाहणे उचित होईल, कारण तिची जी फसगत झाली ती मोठमोठ्या राष्ट्रांचीही झालेली आहे. १८९३ साली जपानी रसायनशास्त्रज्ञ नागाई नागायोशी यांनी एफेड्रा वनस्पतीतून मिळणाऱ्या इफेड्रिनपासून मेथॅम्फेटामिन प्रथम तयार केले. १९१९ मध्ये अकिरा ओगाता यांनी ते स्फटिकरूपात मिळवले. बरीच वर्षे त्याचा उपयोग कोणास सुचला नाही. तो सुचला युद्धाला. जर्मनीत १९३८ पासून ते 'पेर्विटिन' या नावाने दुकानांतून विकले जात होते, आणि १९४० च्या एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत जर्मन सैन्याला व विमानदलाला अशा सुमारे साडेतीन कोटी गोळ्या पुरवण्यात आल्या. जपानात १९४१ साली हाच पदार्थ 'फिलोपॉन' या नावाने बाजारात आला. या नावाचे मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थ 'श्रमाची आवड असणारा' असा होतो. वैमानिकाने झोपू नये, युद्धसाहित्याच्या कारखान्यातील मजुराने रात्रपाळीत पेंगू नये, यासाठी ते होते. विष कोणी चोरून आणले नव्हते. मालक आणि सरकार यांनी मिळून ते श्रमिकाच्या हातावर ठेवले होते.

युद्ध संपले, साठे उरले, ते बाजारात आले. हरलेल्या, भुकेल्या, बेकार जपानात त्यांना गिऱ्हाईक मिळायला वेळ लागला नाही. १९५१ साली जपानने उत्तेजक द्रव्यांविरुद्ध कायदा केला, तरी १९५४ या एका वर्षात या कायद्याखाली पन्नास हजारांहून अधिक लोक पकडले गेले. पुढील तीन-चार वर्षांत मात्र ही लाट झपाट्याने ओसरली. त्यामागे कठोर कायदा होता, सक्तीचे उपचार होते, मोठा प्रचार होता. जपान त्याच वर्षांत पुन्हा कामाला लागला होता आणि तरुणांना नोकऱ्या मिळू लागल्या होत्या, हेही त्या हिशोबात धरावेच लागते. थायलंडची कथा याच वळणाची आहे. तेथे ट्रकचालक, मच्छीमार, शेतमजूर लांब पाळ्या निभावण्यासाठी या गोळ्या घेत. त्यांना 'घोड्याचे औषध' अशा अर्थाचे नाव होते. १९९६ साली सरकारने ते नाव बदलून 'वेडाचे औषध', म्हणजे याबा, असे केले. तोवर गोळी ट्रकमधून उतरून शाळेच्या फाटकाशी पोचली होती.

सांगायचे ते इतकेच, की या पदार्थाने पहिल्या काही आठवड्यांत जे दिसते ते समाजाला आवडणारे असते. कमी झोप, कमी भूक, जास्त काम, जास्त आत्मविश्वास. मुलगी असेल तर ती सडपातळ होते आणि नातेवाईक तिचे कौतुक करतात. अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेसाठी बसणारा, पहाटे पार्सल पोचवणारा, रात्रभर फोनवर परदेशी गिऱ्हाइकांशी बोलणारा, या सर्वांकडून जे हवे असते तेच ही पुडी काही काळ देते. झोप ही आळसाची खूण आणि जागरण ही गुणवत्तेची खूण मानणाऱ्या व्यवस्थेत हे विष ओळखायला उशीर होणारच.

मग ओळखायचे कसे? एखादे लक्षण सुटे पाहून ओळखता येत नाही, लक्षणांची लय पाहावी लागते. मेंदूत डोपामिन नावाचे एक द्रव्य असते. काही चांगले घडले, जेवलो, जिंकलो, कोणी पाठ थोपटली, म्हणजे ते थोडे स्रवते आणि समाधान वाटते. मेथॅम्फेटामिन त्याचा साठाच ओतून रिकामा करते. एक, दोन, कधी तीन रात्री मुलगा झोपत नाही. आणि मग कोसळतो. सोळा, वीस, चोवीस तास झोपतो. उठवल्यास उठत नाही. उठला की अधाशासारखा खातो. त्यानंतरचे दोन-तीन दिवस त्याचे मन काळोखात असते. काही नको वाटते, कोणाशी बोलवत नाही, लहानशा शब्दाने भडका उडतो, रडू येते. मग पुन्हा जागरण. साधारणपणे ज्या मुलाला उशिरा झोपण्याची सवय आहे तो उशिरा उठतो आणि दररोज तसाच वागतो. येथे तसे नसते. येथे भरती आणि ओहोटी असते. म्हणून त्या आईला 'मुलगा रात्री जागतो का' असे विचारू नये. 'गेल्या पंधरा दिवसांत तो कोणत्या रात्री झोपला आणि कोणत्या दिवशी दिवसभर झोपला' असे विचारावे, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिला खुणा करायला सांगावे. दोन आठवड्यांच्या खुणा पुष्कळ काही सांगतात.

ओहोटीच्या या दिवसांकडे घरचे लोक सहसा सुटकेच्या दृष्टीने पाहतात. पोरगा एकदाचा घरात झोपला, असे त्यांना वाटते. वस्तुत: सर्वांत जपण्याचे दिवस तेच. जीव नकोसा होण्याचा विचार याच काळात बळावतो. तेव्हा त्याला एकटे ठेवू नये आणि त्याच दिवशी हिशोब मागायलाही बसू नये.

शरीरावरच्या खुणा यानंतर येतात. डोळ्यांतील बाहुल्या उजेडातही मोठ्या राहतात. गर्दच्या नेमके उलटे. घाम सुटतो, छाती धडधडते, तोंडाला कोरड पडते. जबडा आवळलेला असतो, दात करकर वाजतात. कोरडे तोंड, दातांचे घर्षण आणि सतत गोड पेये पिणे यांमुळे सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचे दात साठीच्या माणसासारखे किडतात. त्वचेखाली किडे वळवळत असल्याचा भास होऊन मुलगा हात, चेहरा खाजवत-टोकरत राहतो आणि तेथे फोड व व्रण दिसतात. एम. डी. नाकाने ओढणाऱ्याचे नाक कायम वाहते, कधी रक्त येते. घरचे लोक त्याला सर्दी समजतात. पंख्याचे भाग मांडून बसण्याचा जो प्रकार वर सांगितला तोही या आजाराचा खास आहे. तेच काम पुन:पुन्हा, तासन्‌तास, पुरे न करता. पंखा दुरुस्त होत नाही, हे आईने पाहिलेले असते; त्याचा अर्थ तिला लागलेला नसतो.

सर्वांत भयंकर खूण संशयाची. कोणीतरी पाठलाग करीत आहे, शेजारी आपल्याविषयी कुजबुजत आहेत, मोबाइलमधून कोणीतरी ऐकत आहे, असे मुलगा सांगू लागतो. खिडक्या बंद करतो, फटीतून बाहेर पाहत बसतो. नसलेले आवाज त्याला ऐकू येतात. अशा वेळी अनेक घरे मांत्रिकाकडे, दर्ग्याकडे, अंगात येणाऱ्या बाईकडे जातात आणि मोलाचे आठवडे हातचे जातात. अंधश्रद्धेविरुद्ध काम करणाऱ्यांना हे नवे नाही. बहुतेकांचा हा भ्रम पदार्थ थांबल्यावर काही दिवसांत वा आठवड्यांत निवळतो. काहींचा निवळत नाही. म्हणून मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे टाळता येत नाही.

घरात सापडणाऱ्या वस्तूंविषयी थोडक्यात. जळून काळी पडलेली चांदीची पन्नी, काचेची नळी, वरचा भाग काढून पोकळ केलेला विजेचा दिवा, गुंडाळी केलेली नोट, बोटाच्या पेराएवढ्या प्लॅस्टिकच्या पुड्या. पैसे आणि घरातील लहानसहान चिजा नाहीशा होणे, जुने मित्र सुटून नवे येणे, शाळा-कॉलेजातील गैरहजेरी, हे तर कोणत्याही व्यसनात असतेच.

आता दुसरी बाजू. ही यादी कानावर पडल्यानंतर वस्तीतील प्रत्येक बारीक, चिडका आणि उशिरा झोपणारा मुलगा संशयास्पद दिसू लागण्याचा धोका आहे. किशोरवयात झोपेची वेळ निसर्गत:च पुढे सरकते. थायरॉइड ग्रंथी अधिक स्रवू लागली तर वजन घटते, घाम येतो, छाती धडधडते. क्षयाने माणूस झडतो. ज्याला उन्मादाचा मानसिक आजार आहे तोही रात्र-रात्र झोपत नाही व अखंड बोलतो. आणि काही मुले केवळ अर्धपोटी असल्यामुळे बारीक असतात, हे समाजवाद्यांना कोणी सांगावे असे नाही. लघवीची तपासणी हा उपाय अनेकांना खात्रीचा वाटतो. तीत मेथॅम्फेटामिन साधारणपणे दोन ते चार दिवसच सापडते. सर्दीच्या काही औषधांमुळे ती खोटे उत्तर देऊ शकते. आणि औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या पट्टीवर मेफेड्रोन बहुधा सापडतच नाही. बापाने मुलाला धरून पट्टीवर लघवी करायला लावावी, उत्तर 'नाही' यावे, आणि त्यातून दोघांचे बोलणे कायमचे तुटावे, हा सौदा महाग आहे.

प्रमाणाविषयीही डोके ठिकाणावर ठेवावे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केलेल्या आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत अ‍ॅम्फेटामिन वर्गातील पदार्थ घेणाऱ्यांचे प्रमाण दहा ते पंचाहत्तर वयोगटात ०.१८ टक्के आढळले. दारूच्या मानाने हा आकडा अगदीच लहान. त्याच पाहणीत हुंगण्याच्या द्रव्यांचे, म्हणजे पंक्चरचे सोल्युशन, व्हाइटनर यांचे, प्रमाण मुलांमध्ये १.१७ टक्के आणि प्रौढांत ०.५८ टक्के होते. प्रौढांपेक्षा मुलांत अधिक असलेले व्यसन ते एकच. फलाटावरचे पोर हुंगते त्याची बातमी होत नाही, चित्रपटसृष्टीतील पार्टीत एम. डी. सापडले तर आठवडाभर होते. हा पक्षपात कार्यकर्त्यांनी ओळखलेला बरा. तरीही चेतवणाऱ्या पदार्थांचा पुरवठा वाढतो आहे, याविषयी शंका नाही. मे २०२३ मध्ये कोचीजवळच्या समुद्रात सुमारे अडीच टन मेथॅम्फेटामिन पकडले गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानजवळ म्यानमारच्या एका मासेमारी नौकेवर सापडलेला साठा सहा टनांच्या आसपास होता.

आणि सर्वच माल बाहेरून येतो असे नाही. एप्रिल २०१६ मध्ये सोलापूरजवळच्या एका कारखान्यातून ठाणे पोलिसांनी कित्येक टन इफेड्रिन जप्त केले. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात एम. डी. तयार करणारी जागा सापडली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पुणे पोलिसांचा तपास कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत पोचला, तेथे शेकडो किलो मिळाले. अफू पिकवायला शेत लागते. याला लागते एक शेड, काही रसायने आणि रसायनशास्त्र शिकलेला एखादा बेकार पदवीधर. औद्योगिक वसाहतींत यांपैकी कशाचीच वाण नाही. वस्तीवस्तीत माल पोचवायला मुले लागतात, कारण ती स्वस्त असतात आणि पकडली गेली तर ती बदलता येतात. मेफेड्रोन काय किंवा मेथॅम्फेटामिन काय, पन्नास ग्रॅमपासून पुढे 'व्यापारी प्रमाण' धरले जाते आणि त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. २०१५ च्या बालन्याय कायद्याप्रमाणे सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अशा गुन्ह्यासाठी, प्राथमिक चौकशीनंतर, प्रौढाप्रमाणे खटला चालवता येतो. पिशवीत काय आहे हे पुरते न समजलेला मुलगा तीत सापडतो. शेड भाड्याने देणारा बहुधा सापडत नाही. त्याच कायद्याच्या ७७ व ७८ या कलमांनुसार मुलाला अमली पदार्थ देणाऱ्यास किंवा त्याच्याकडून त्याची विक्री वा वाहतूक करवून घेणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. या कलमांखाली गुन्हा नोंदवण्याचा आग्रह स्थानिक शाखांनी पोलीस ठाण्यात धरला पाहिजे.

वस्तीत राग असतो आणि त्या रागातून 'चार जणांना गोळ्या घाला, म्हणजे बाकीचे सुतासारखे सरळ होतील' अशी भाषा ऐकू येते. कधी आपल्याच बैठकीत. फिलिपीन्समध्ये हा प्रयोग झालेला आहे. मेथॅम्फेटामिनला तेथे 'शाबू' म्हणतात. २०१६ साली रॉड्रिगो डुटेर्टे याच आश्वासनावर राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्या कारकिर्दीत पोलिसांच्या कारवायांत सरकारी आकड्यांप्रमाणेही सहा हजारांहून अधिक माणसे मारली गेली, आणि त्यांत गरीब वस्त्यांतील माणसांचा भरणा होता. ऑगस्ट २०१७ मध्ये कालोओकान शहरात सतरा वर्षांचा एक शाळकरी मुलगा असाच मारला गेला. त्याने गोळी झाडली असे पोलिसांनी सांगितले, ते न्यायालयात टिकले नाही, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये तीन पोलिसांना खुनाबद्दल शिक्षा झाली. मार्च २०२५ मध्ये खुद्द डुटेर्टे यांना अटक होऊन हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या स्वाधीन करण्यात आले. या सर्व काळात शाबू मिळायचे थांबले नाही.

तेव्हा त्या अकरावीतल्या मुलाच्या घरी कार्यकर्ता गेला तर त्याने काय करावे? प्रथम बापाला मारहाणीपासून परावृत्त करावे. मुलगा अंमलाखाली, संशयाने पछाडलेला असताना त्याच्यावर हात उगारणे मुलाला आणि घराला दोघांनाही धोक्याचे आहे. अंग तापून भाजत असेल, छातीत दुखत असेल, झटके येत असतील, तर वाद न घालता १०८ ला फोन करून गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. तसे काही नसेल तर तो झोपून, खाऊन उठेपर्यंत थांबावे आणि मग बोलावे. 'तू एम. डी. घेतोस का?' या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेच येते. 'झोप का येत नाही रे तुला?' या प्रश्नावर मुलगा काहीतरी बोलतो. ते ऐकावे.

उपचाराविषयी खोटी आशा देऊ नये. गर्दच्या व्यसनात देता येणारी काही गुणकारी औषधे आहेत. मेथॅम्फेटामिनच्या बाबतीत तसे मान्यताप्राप्त औषध अद्याप नाही. समुपदेशन, कुटुंबाची साथ, नियमित झोप व आहार, आणि पदार्थापासून दूर राहिलेल्या प्रत्येक आठवड्याची काही ठोस कदर, एवढीच साधने आहेत, आणि ती चालतात. मन पूर्वपदावर यायला महिने लागतात. मध्ये मुलगा एकदोनदा घसरतो. इंजेक्शन देऊन आठ दिवसांत बरे करण्याची जाहिरात करणाऱ्यांच्या नादी लागून कर्ज काढलेली घरे थोडी नाहीत.

पोलिसांच्या भीतीने अनेक पालक दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्यांना सांगावे की अमली पदार्थविरोधी कायद्यातच ६४-अ हे कलम आहे. व्यसनी माणूस आपण होऊन मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेईल, तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणात पदार्थ बाळगण्याच्या गुन्ह्यासाठी खटल्यापासून त्याला संरक्षण मिळते. उपचार मात्र पुरे करावे लागतात. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची दूरध्वनी सेवा १४४४६ या क्रमांकावर आहे. मुलांसाठी १०९८ आहे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभाग कोणत्या वारी, किती वाजता आणि कोणत्या खोलीत भरतो, ही माहिती शाखेच्या फळ्यावर लिहिलेली असावी. ती नसेल तर पुढच्या आठवड्यात कोणीतरी रुग्णालयात जाऊन ती घेऊन यावी, आणि पहिल्या खेपेला त्या आईबरोबर जावे, कारण दिवसाची मजुरी बुडवून गेलेली बाई चुकीच्या खिडकीवरून परत फिरली तर दुसऱ्यांदा जात नाही.